येसूबाईंचा मोतीबिंदू

सहदेव गुरुजींच्या डोळ्यावरची पट्टी काढायला त्यांची मुलगी दर्शना सकाळीच त्यांना रत्नागिरीत घेऊन गेली. "मस्त झालंय ऑपरेशन," डॉक्टर म्हणाले, "पण फार उशिरा आलात. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते, गुरुजी."

गुरुजींनी मान खाली घातली. अख्खी हयात पोरांना विज्ञान शिकवलं, आणि बायकोच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला तेव्हा हा शहाणा माणूस काय बोलला? "पिकूंदे गो. कच्चा काढत नाहीत." येसूबाई बिचाऱ्या तीन वर्षं थांबल्या. मग गेल्या साली मागच्या दाराची पायरी त्यांना दिसली नाही. डोकं जांभ्या दगडावर आपटलं, आणि त्या गेल्याच. गुरुजींचा जीव आतून कुरतडला जायचा, पण मुलीपाशी कबूल करायची हिंमत नव्हती.

गुरुजींना भाट्ये गावातल्या घरी सोडून, डोळ्याच्या औषधाची नवी बाटली हातात देऊन दर्शना मिरकरवाड्याला मासळी आणायला गेली. गुरुजी मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसले. माडाची पात न् पात लख्ख दिसत होती. वारा पडला. समुद्राची गाज ऐकू येईनाशी झाली. आणि खोबरेल तेलाचा वास आला... येसूबाईंच्या केसांचा.

दारात कुणीतरी चौकट चाचपत होतं.

"अवो... कुठं हाव तुमी?"

निळ्या काठाचं लुगडं. कपाळावर जखम, अजून ओली. दोन्ही बुबुळं पांढरीफटक.

गुरुजींना पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात तिने पाऊल उचललं.

"थांब! येसू, पायरी आहे गो!"

त्यांनी धावत जाऊन तिचा हात धरला. बर्फासारखा गार. हळूहळू तिला खुर्चीपर्यंत आणून बसवलं. हुंदका काही केल्या आवरेना.

"माझं चुकलं गो... मान वर कर बघू. अशी."

उन्हं कलल्यावर दर्शना परतली. बाबा रिकाम्या खुर्चीसमोर गुडघे टेकून बसले होते. तिने त्यांच्या हातातली बाटली घेतली, तर हलकी लागली. आत थेंब नव्हता. खुर्ची कोरडी होती, खालची जमीनही कोरडी ठणठणीत.

"बाबा, महिनाभराचं औषध होतं हे! गेलं कुठं?"

गुरुजींनी खुर्चीवरची नजर काढली नाही.

"आणखी एक आण गो," ते हळूच म्हणाले. "आईला अजून दिसत नाहीये."