मक्यावर उगवणारा हात

"ही केचपची बाटली म्हणजे मधली जागा, सेंटरची," असं म्हणून मिस्टर ग्रूमनी बाटली टेबलाच्या मधोमध आपटली. "आणि आपल्या मुलींच्या संघात नेमकी हीच बाटली रिकामी आहे."

टेबलाभोवतीच्या पुरुषांनी माना डोलावल्या. मीठदाणी, मिरीदाणी, साखरेचा डबा आणि मोहरीची बाटली आपापल्या जागी उभ्या होत्या. त्या बाकीच्या चौघी. ब्रायर क्रॉसिंग गावात हिवाळ्यात बास्केटबॉल खेळतात आणि उन्हाळ्यात तो कसा खेळायला हवा होता याची चर्चा करतात. चर्चेची जागा कॅफेतलं हे मोठं टेबल. त्यावर बसायला वयाची अट नाही, आवाजाची आहे.

शेजारच्या बाकावर वेंडेल, मार्लिस आणि क्लाइड एकाच बशीतले डोनट खात होते आणि कान टवकारून ऐकत होते. तिघंही सातवी संपवून सुट्टीत मोकळे झालेले. त्यातल्या वेंडेलने डोनट अर्धाच खाऊन ठेवला होता, कारण ती रिकामी बाटली म्हणजे त्याची मोठी बहीण लॉरेटा होती.

लॉरेटा खरी लांबून बास्केट करणारी. पण संघात उंच मुलगीच नाही म्हणून दोन वर्षं तिला मध्ये उभं केलं होतं. सहा-सहा फुटी मुलींच्या कोपरांचे दणके खाऊन ती घरी यायची आणि बरगड्यांवर बर्फ धरून अभ्यासाला बसायची. तक्रार एकदाही केली नाही तिने. आता तिचं शाळेतलं शेवटचं वर्ष होतं.

"उपाय तीन," मिस्टर ग्रूम म्हणाले. गावातलं धान्याचं कोठार त्यांचं, आणि शाळेच्या संघांना मदत करणाऱ्या मंडळाचे अध्यक्षही तेच. "एक, लेबर्न गावच्या संघातली ती मुलगी. सामन्याच्या पत्रकात उंची सहा फूट दोन इंच छापलीय. तिच्या वडलांना माझ्याकडे नोकरी देतो, बिऱ्हाड इकडे आणतो. दोन, पाद्रीबाबांची मुलगी. उंच आहे, पण अंगावर बॉल आला की डोळे मिटते."

"आणि तीन?" टेबलावरच्या न्हाव्याने विचारलं.

"तीन, मुलींचा संघ बंद. जिमची संध्याकाळची वेळ मुलांच्या संघाला. मंडळाच्या ऑगस्टच्या सभेत मी हेच सांगणार आहे. हरायलाच खेळायचं तर घरी बसून हरा."

सगळे हसले.

"सहा-दोन?" मार्लिस कुजबुजली. "आपलं पत्रक माझी आई टाइप करते. प्रत्येकीच्या उंचीत दोन इंच वाढवते. लेबर्नवाले काय संत आहेत?"

"मग हे मिस्टर ग्रूमना माहीत नाही?" क्लाइडने विचारलं.

"माहीत आहे की. तेच सांगतात आईला, वाढव म्हणून. पण स्वतःचं खोटं ते खोटं वाटतं, दुसऱ्याचं छापलेलं असलं की खरं वाटतं."

आणि झालंही तसंच. मिस्टर ग्रूम मोठ्या थाटात लेबर्नला गेले आणि पडल्या चेहऱ्याने परतले. मुलगी जेमतेम सहा फूट होती, आणि तिचे वडील म्हणाले, आम्ही इथे सुखात आहोत. पाद्रीबाबांच्या मुलीने तर बॉल बघताच बासरी उचलली. राहिला तिसरा उपाय.

"बहिणीला सांगितलंस?" मार्लिसने विचारलं.

"तिला आधीच कळलंय," वेंडेल म्हणाला. "रोज आमच्या अंगणातल्या कोठीच्या भिंतीवर लावलेल्या रिंगमध्ये बॉल टाकत बसते. बोलत नाही."

जुलैत गावातली निम्मी पोरं मक्याच्या शेतात असतात. बियाण्याच्या मक्यात चार ओळींचे तुरे हाताने उपटायचे आणि पाचवी ओळ तशीच ठेवायची, म्हणजे हवं तेच बी धरतं. सकाळी पानं दवाने निथळत असतात, म्हणून सगळ्यांच्या अंगावर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, डोक्याला आणि हातांना भोकं पाडलेल्या. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला होता. मका आठ फुटांवर गेला होता आणि तुरा त्याच्याही वर.

क्लाइडचा हात पोचत नव्हता. त्याने मक्याचं एक ताट वाकवलं. कडकन आवाज झाला.

"क्लाइड!" मुकादम मिस्टर योडर मागून ओरडले. शाळेत ते गणित शिकवायचे आणि सुट्टीतही त्यांच्यापासून सुटका नव्हती. "तुरा मागितलाय, अख्खं झाड नाही!"

"सर, झाडच मध्ये येतंय."

मार्लिस मात्र पुढच्या ओळीत थबकली होती. "वेंडेल, इकडे ये. ही ओळ बघ."

ओळीतला एकूण एक तुरा गेला होता. पण एकही ताट वाकलेलं नव्हतं, एक पानसुद्धा फाटलेलं नव्हतं. वेंडेलने हात वर केला. शेंडा त्याच्या बोटांच्या कितीतरी वर होता.

"ही आपल्या टोळीची ओळ नाही," तो म्हणाला. "पलीकडून टेक्सासवाल्यांची टोळी येते ना, त्यांच्यातल्या कुणाची तरी."

"राक्षसीण असणार," क्लाइड म्हणाला. "चला, परत जाऊ."

"अरे, राक्षसीण असेल तर आपल्याला तीच हवी आहे!" मार्लिस म्हणाली.

वेंडेल खाली वाकला होता. ओल्या मातीत बुटांचे ठसे होते, पण चालण्याचे नव्हते. दोन्ही पाय शेजारी-शेजारी, टाचा खोल रुतलेल्या. थोडं पुढे पुन्हा तसेच दोन. आणखी पुढे पुन्हा. मार्लिसने आपला बूट ठशावर ठेवला. तंतोतंत बसला.

"राक्षसिणीचे पाय तुझ्याएवढे?" क्लाइड म्हणाला.

"ती उंच नाहीच आहे," वेंडेल हळूच म्हणाला. त्याला स्वतःलाच ते खरं वाटेना. "ती उडी मारते. प्रत्येक तुऱ्याला. सबंध ओळभर."

तिघांनी त्या न संपणाऱ्या ओळीकडे पाहिलं. क्लाइडने टोपी काढली. त्याला एरवी जिना चढायचाही कंटाळा यायचा.

ठशांच्या मागे-मागे ते धावत सुटले. पानं तोंडावर सपासप लागत होती. शेताच्या पलीकडच्या टोकाला, पाण्याच्या टाकीच्या सावलीत एक मुलगी बटाटा-अंडं भरलेली पोळी खात बसली होती. दोन वेण्या, चिखलाने माखलेले बूट, उंचीने लॉरेटापेक्षाही कमी.

"काय पाहिजे?" ती म्हणाली. "वाट चुकलात का?"

"ती ओळ तू केलीस?" वेंडेलने धापा टाकत विचारलं.

"का? एखादा राहिला का?"

"एकही नाही. उडी का मारतेस पण? सगळे ताट वाकवतात."

"वाकवलं की मोडतं. मोडलं की त्याला कणीस धरत नाही." तिने खांदे उडवले. "आणि मला मजा येते. तुम्हाला काय करायचंय?"

तिचं नाव ओडिलिया त्रेव्हिन्यो. तिच्या वडलांना टोमॅटोच्या कारखान्यात कायमचं काम मिळालं होतं, म्हणून या वर्षी हंगाम संपला तरी ते टेक्सासला परतणार नव्हते. सप्टेंबरात ती इथल्याच शाळेत जाणार होती. हे ऐकून मार्लिसने वेंडेलला असा चिमटा काढला की तो कळवळला.

"बास्केटबॉल खेळतेस?" मार्लिसने विचारलं.

ओडिलियाने पोळी खाली ठेवली. "भावांबरोबर खेळते. आधीच्या शाळेत गेले होते संघात यायला. त्यांनी मला भिंतीला उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली आणि घरी पाठवलं. बॉल हातात दिलासुद्धा नाही." तिने पोळी पुन्हा उचलली. "खेळायला बोलावलं तर येईन. भिंतीला उभी राहणार नाही."

"आमच्या जिमच्या दारावरही उंचीची रेघ आहे," क्लाइड म्हणून गेला. मार्लिसने त्याच्या पायावर पाय दिला.

पण परत जाताना मार्लिस एकदम थांबली. तिच्या डोळ्यांत ती चमक आली जी दिसली की क्लाइडला पळून जावंसं वाटायचं.

"त्यांना उंचीच बघायची आहे ना? मग आधी फक्त हात दाखवू या. बाकीची मुलगी नंतर."

दुसऱ्या दिवशी दुपारी टोळीचं काम सुटल्यावर क्लाइडला कॅफेत पाठवलं. त्याला फक्त खरं बोलायला सांगितलं होतं. तो मोठ्या टेबलाशेजारी बसला आणि भिंतीला सांगावं तसं बोलू लागला. "काय मका यंदा! आठ फुटांवर गेलाय. आणि पलीकडच्या टोळीत एक मुलगी आहे, एकही ताट न वाकवता तुरे काढते. आमच्याच शाळेत येणार आहे म्हणे."

टेबलावरच्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

"न वाकवता?" मिस्टर ग्रूमनी विचारलं. मग त्यांनी डोळे मिटून हिशेब केला. "म्हणजे सहा-तीन. सहा-चारसुद्धा असेल."

"मी तर काहीच म्हटलं नाही," क्लाइड म्हणाला, आणि ते खरंच होतं.

तासाभरात मिस्टर ग्रूमची पिकअप शेताच्या कडेला उभी होती. मागच्या भागात न्हावी, मिस्टर योडर, मुलींच्या संघाच्या प्रशिक्षक मिस अ‍ॅबट आणि आपली तीन पोरं. लॉरेटा मोठ्या मुलींबरोबर राहिलेले तुरे तपासत होती, तीही गर्दी बघून बांधावर आली.

समोर मक्याचा हिरवा सपाट माथा पसरला होता आणि त्यावर पिवळट तुरे. अचानक मक्यातून एक हात वर आला. तुरा गेला. हात गेला. पुढे पुन्हा हात, पुन्हा तुरा नाहीसा. ओळीच्या ओळ अशी बांधाकडे येत होती, आणि हात कुठेही दमत नव्हता.

"अरे बाप रे," न्हावी म्हणाला. "मनगटापर्यंत वर येतोय!"

"सहा-पाच," मिस्टर ग्रूम म्हणाले. "मिस अ‍ॅबट, तुमची बाटली भरली!"

मिस अ‍ॅबटनी डोळे बारीक केले. त्या हाताकडे बघत होत्या. उंच माणसाचा हात वर राहतो, हा तर प्रत्येक वेळी खाली जात होता. त्यांनी एकदा मार्लिसकडे पाहिलं. मार्लिस आभाळाकडे बघू लागली. मिस अ‍ॅबटच्या ओठांचा कोपरा किंचित हलला आणि त्यांनी तोंड बंदच ठेवलं.

"मग तिला घ्याल संघात?" मार्लिसने निरागसपणे विचारलं. "ती गावात नवी आहे हं. नंतर नाही म्हणाल."

"नवी असो नाहीतर चंद्रावरची असो," मिस्टर ग्रूम पिकअपच्या फळीवर थाप मारून म्हणाले. "हा हात जिचा, ती आपली सेंटर. सभेत संघ बंद करायची गोष्ट माझ्या तोंडून निघणार नाही. सगळे ऐकताय ना?"

"ऐकलं," मिस्टर योडर म्हणाले.

तेवढ्यात शेवटचा तुरा गेला आणि ओळीतून ओडिलिया बाहेर आली. केसांत परागकण, गाल लाल. तिचं डोकं पिकअपच्या खिडकीच्या वरच्या कडेलाही लागत नव्हतं.

मिस्टर ग्रूम तिच्या मागे बघत राहिले. अजून कुणी बाहेर येईल असं त्यांना वाटत होतं. कुणी आलं नाही. न्हाव्याला हसू आवरेना, तो टायरवरच बसला.

"मला फसवलंत," मिस्टर ग्रूम पोरांना म्हणाले.

"आम्ही तर फक्त मातीतले हिच्या उड्यांचे ठसे बघितले. उंची कुठे सांगितली?" वेंडेल म्हणाला. "तुम्हीच सांगितलीत. तीन वेळा. आणि दर वेळी वाढवलीत."

मिस्टर ग्रूमचे कान लाल झाले. "तुरे काढणं वेगळं आणि रिंगखाली उभं राहणं वेगळं. मी या गावाचा सेंटर होतो, पोरांनो."

"मग उभे राहा," लॉरेटा म्हणाली. इतके दिवस न बोललेली लॉरेटा. "आमच्या कोठीवर रिंग आहे. मी बॉल टाकते. चुकला तर कोण पकडतो ते बघू."

कोठी रस्त्यापलीकडेच होती. मिस्टर ग्रूमनी टोपी काढली, बाह्या सारल्या आणि रिंगखाली पाय रोवले. ते खरोखरच भिंतीसारखे दिसत होते. ओडिलिया त्यांच्या काखेखालून रिंगकडे बघतेय असं वाटत होतं. पण वेंडेलच्या लक्षात आलं, ती रिंगकडे बघतच नव्हती. ती लॉरेटाच्या हातांकडे बघत होती.

लॉरेटा लांब उभी राहिली, तिच्या खऱ्या जागी. बॉल गेला, रिंगला लागून उजवीकडे उडाला. मिस्टर ग्रूमनी निवांत हात वर केला. हातात हवा आली. ओडिलिया बॉल घेऊन केव्हाच खाली उतरली होती, आणि जमिनीला पाय लागतो न लागतो तोच तिने बॉल लॉरेटाकडे फेकला.

पुन्हा चुकला. या वेळी मिस्टर ग्रूमनी जोर लावला, धक्काही दिला. ओडिलिया धक्क्यासकट वर गेली आणि बॉलसकट खाली आली. परत लॉरेटाकडे. अंगणात कुणी हसत नव्हतं आता. एवढ्याशा मुलीने एवढ्या उंचावर जाऊन वर क्षणभर थांबावं, हे डोळ्यांनी दिसत असूनही पटत नव्हतं.

मिस्टर ग्रूम गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकू लागले. "बॉल कुठे पडणार हे हिला आधीच कळतं," ते म्हणाले. मग त्यांनी मान वर केली. माणूस आडमुठा होता, पण खेळ ओळखणारा होता. "मिस अ‍ॅबट, मी शब्द दिलाय आणि तो मी आनंदाने पाळीन. आणि योडर, या तीन कार्ट्यांना कॅफेतल्या माझ्या टेबलावर जागा द्या. आम्ही इतके म्हातारे मिळून बाटल्या हलवत बसलो, यांनी जमिनीकडे बघितलं."

मिस अ‍ॅबटनी ओडिलियाला पट्टीबिट्टी काही लावली नाही. "सरावाला कधी येशील?" एवढंच विचारलं.

ओडिलिया मात्र लॉरेटाकडे बघत होती. लॉरेटा बॉल छातीशी धरून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ती बरगड्यांवर बर्फ धरून बसायची तेव्हाही वेंडेलने तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"काय झालं?" तो घाबरून धावला.

"दोन वर्षं चुकलेला प्रत्येक बॉल मीच आणायला पळतेय," लॉरेटा म्हणाली. "आज पहिल्यांदा तो माझ्याकडे परत आला."

"मग टाक ना पुन्हा," ओडिलिया रिंगखालून म्हणाली. "मी आहे इथे."

लॉरेटाने बाहीने डोळे पुसले आणि बॉल टाकला.