पिंजाऱ्याच्या घरचा ओला कापूस

ताहेरानं मान वर केली तेव्हा दारात एक उंच माणूस उभा होता, आणि तो डोलत होता.

प्यालेला माणूस झोकांड्या खातो तसा नाही. वाऱ्यावर ज्वारीचं ताट डोलतं तसा... हळू, स्वतःच्याच तंद्रीत. नळदुर्गच्या फकीर पिंजाऱ्याची ही थोरली लेक तेव्हा कापूस पिंजायच्या कमानीची तात छेडत बसली होती. टुंग... टुंग... टुंग. घरभर कापूस उडत होता. तिच्या भुवयांवर कापूस, पापण्यांवर कापूस, नाकाच्या शेंड्यावर एक तंतू तेवढा थरथरत होता.

तिचा हात थांबला. तसा तो माणूस डोळे मिटूनच म्हणाला, “थांबू नका.”

“काय?”

“वाजवा की. डोलकाठीच्या दोराला वारा लागला म्हंजे अस्साच आवाज येतो. लई दिसांनी ऐकला.”

“इथं गाणं-बजावणं न्हाय होत. गादी भरायचीय का रजई?”

“नाव भरायचीय.”

ताहेराला हसू आवरेना. “का बरं? नावंला थंडी वाजती व्हय?”

“वाजती तर! फळीफळीच्या फटीतनं वाजती. कापूस जवसाच्या तेलात भिजवून फटींत ठोकायचा, वरून राळ लावायची... मग गप निजती बिचारी.” आणि त्यानं डोळे उघडले. “तुमच्या नाकावर काय हाय... काढू का ऱ्हाऊ देऊ?”

तो तंतू तिनं स्वतःच फुंकून उडवला. गाल मात्र उगाच तापले.

हा जैनोद्दीन. जळकोटच्या शेळ्या राखणाऱ्याचा पोरगा. लहानपणी याच्या हातून एक शेळी हरवली, आणि बापाच्या भीतीनं तो जो पळत सुटला, तो मुंबईला गलबतावर चढून थेट बसऱ्याच्या बंदरात जाऊन थांबला. त्यानं एवढा मोठा मासा पाहिला होता म्हणे, की माशानं जांभई दिली तर किनाऱ्यावरच्या गावात दिवे विझायचे. खोटं वाटलं तर त्या माशाला विचारावं. तो काही नाही म्हणायचा नाही. पुढं ती मोठी लढाई पेटली, समुद्रात आगबोटी बुडायला लागल्या, आणि जैनोद्दीन एक शीड खांद्यावर टाकून मुलखात परतला. शेळी तोवर मिळाली होती. बाप उरला नव्हता.

पण एक अडचण झाली. त्याला जमिनीवर झोप येईना! बाजेवर पडला की गच्च थांबलेली जमीन त्याला टोचायची. निजामाच्या मुलखात समुद्र कुठला? पण नळदुर्गच्या किल्ल्यात बांध घालून अडवलेलं बोरीचं पाणी तर होतं. तिथं बांधाच्या पोटातल्या पाणीमहालाच्या अलीकडं त्यानं आपली नाव बांधायला घेतली... मधोमध डोलकाठी, मागं झोपडीएवढी खोली. नाव ठेवलं ‘बेगम’. लोक बांधावर बसून शेंगा फोडत आणि हसत.

जैनोद्दीन मात्र दर बाजाराला कापसाला यायचा. मग बाजार नसतानाही यायला लागला.

“एवढा कापूस खाती व्हय तुमची बेगम?” ताहेरा विचारायची.

“लई खादाड हाय.”

“मग सोडून द्या की तिला.”

“कशी सोडू? ती निजायला जागा देती. आन् दुसरी एक हाय... ती निजू देत न्हाय.”

ताहेरानं तात अशी छेडली, की ती तुटलीच.

जैनोद्दीननं मागणी घातली, तेव्हा फकीर पिंजारी आधी हसला, मग चिडला. “पाण्यावर लेक देऊ? पिंजाऱ्याची पोर हाय ती, मगरीची न्हाय!” त्याचंही बरोबर होतं. पिंजाऱ्याच्या घरात पाणी म्हणजे वैरी. पिण्याचा घडासुद्धा अंगणात असायचा. आभाळात बोटभर ढग दिसला की जेवता हात तसाच ठेवून सगळं घर कापूस आत ओढायचं, आणि कुठं ओल लागलीच तर उन्हात पसरायचं. चालायला लागण्याआधी ताहेरा एवढंच शिकली होती... ओलं झालं, की सुकव.

“अब्बा,” ती म्हणाली, “त्या नावंच्या फटीफटीत म्या पिंजलेला कापूस हाय. म्हंजे अर्धी तर म्या आदीच तिथं ऱ्हायला गेले.”

बापानं कपाळावर हात मारला आणि काझीला सांगावा धाडला.

निकाह लागला. नवरी होडक्यातून नावेवर गेली, आणि खोलीत पाऊल टाकताच तोंडाला पदर लावून खदखदा हसायला लागली. गादी छातीएवढी उंच होती!

“हा सगळा कापूस...?”

“फटी कवाच्याच भरल्या हुत्या,” जैनोद्दीन मान खाली घालून म्हणाला. “पण तुज्या दारात यायला कायतरी कारण लागतं का न्हाय?”

संसार सुरू झाला, तो अक्षरशः हेलकावे खात. चुलीवरचा रश्शाचा टोप चालत चालत कडेला जायचा आणि खाली उडी टाकायचा; बोरीचे मासे त्या वर्षी तिखट लागायचे म्हणतात. माहेरची शेळी आणली, ती डोलकाठीला गुडघ्यांनी कवटाळून उभी राहायची. पहिले दिवस ताहेरा सारखी ओकत होती. बायका बांधावरून ओरडायच्या, “गोड बातमी व्हय गंऽ?” आणि ती ओरडायची, “न्हाय वोऽ, नुसता वारा!”

आषाढात शीड भरलं, की बेगम पलीकडच्या रणमंडळ किल्ल्याच्या भिंतीपर्यंत अशी धावायची, की ताहेराची वेणी मागं सरळ आडवी व्हायची. पावसाचे थेंब पाण्यावर नाचायचे, खोलीत चार ठिकाणी गळायचं आणि पाचव्या ठिकाणी दोघं एकमेकांना चिकटून बसायची. आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं, बेगम गाळात एका कुशीवर रुतली. दोन महिने घर तिरकं! भाकरी थापली की घरंगळायची. रोज निजताना ताहेरा वरच्या बाजूला असायची आणि पहाटे त्याच्या अंगावर.

“ह्यो उन्हाळा संपूच नये,” जैनोद्दीन म्हणायचा.

“चावट!”

पण पुढच्या आषाढात शीड फाटलं. टर्रकन... वरपासून खालपर्यंत. तसलं कापड मराठवाड्यात कुठलं मिळायला? गलबतावरच्या जुन्या तांडेलाबरोबर एक फेरी करायची आणि मेहनतान्यात नवं शीड घेऊन यायचं, असं ठरलं. गलबतावर बाया घेत नाहीत, म्हणून ताहेरानं मागं राहायचं.

निघताना त्यानं तिची हनुवटी उचलली. “बेगमला सांभाळ.”

“सवतीला?”

“सवतीला. जिवापाड.”

“सांभाळते. तिच्या अंगाला थेंब लागू द्यायची न्हाय...” ती हुंदक्यातून हसत म्हणाली. तोही हसला. थट्टा वाटली त्याला. नाव ओली ठेव, हे दर्यावरचा माणूस कुणाला सांगत नाही. श्वास घे, असं कुणी कुणाला सांगतं का?

तो गेला आणि ताहेरा कामाला लागली. नावेच्या बुडाशी हात लावून पाहिला, तर फळ्या भिजलेल्या, फटींतला कापूस ओलाचिंब! तिचा स्वतःचा, तिच्या हातचा कापूस... तिला रडूच आलं. जळकोटचा बब्रुवान बैलांच्या चार जोड्या घेऊन आला, आणि बेगम ओढून काठावरच्या लिंबाखाली आणली. ताहेरानं तिला ऊन दाखवलं. रोज पुसलं, तेल चोपडलं. फळ्या सुकत गेल्या तसतशा फटी रुंदावल्या. ती नवा कापूस पिंजायची आणि ठोकून ठोकून भरायची. फट वाढली की आणखी. इतका गच्च, की सुईचं टोकसुद्धा शिरू नये. एवढ्या मायेनं सवतीला कुणी नटवलं नसेल.

वर्ष उलटून गेल्यावर जैनोद्दीन आला. खांद्यावर नवं शीड. लिंबाखाली बेगम चमकत होती आणि शेजारी ताहेरा उभी होती, शाबासकीची वाट बघत.

त्यानं फळीवर हात फिरवला. फटीवर बोट दाबलं. बोट तिथंच राहिलं.

“कशी हाय सवत?” ताहेरानं विचारलं.

त्यानं बोट काढून घेतलं. मग वळून हसला. “लई देखणी,” म्हणाला. “असली नाव बसऱ्यातबी न्हाय.”

त्या दिवसापासून तो दर वेळी नवी सबब सांगायला लागला. कधी वारा उलटा, कधी पाणी गढूळ, कधी अमावस्या, कधी पाठ धरलेली. “कवा लोटायची बेगम?” ती विचारायची. “लोटू की,” तो म्हणायचा. दोघं लिंबाखालच्या नावेतच राहत. नाव हलत नव्हती. जैनोद्दीन पडायचा, पण त्याला डुलकी लागायची ती फक्त ताहेरानं कमान घेतली की. टुंग... टुंग... हात थांबला की त्याचे डोळे उघडायचे. गाल बसले. डोळ्यांखाली काळं झालं. चालताना तो आता डोलत नव्हता, अडखळत होता.

मुंबईला आपलं मन दुसऱ्या कुणापाशी विसरून आलाय की काय, अशी पाल ताहेराच्या मनात चुकचुकली. ती चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी नदीवर गेली, तर गोरोबा सुतार पाण्यात गाडीची चाकं बुडवून बसलेला.

“मामा, चाकं भिजवताव व्हय? कुजतील की!”

“कुजतील कशानं, पोरी? उन्हानं लाकूड आकसतं, वरची लोखंडी धाव ढिली पडती. पाणी पिलं की लाकूड फुगतं आन् धावंला घट्ट धरतं.”

“आन्... फुगायला जागाच न्हाय ठिवली तर?”

“मग काय,” गोरोबा म्हणाला, “फुगणार तर हायच. चाकाचे आरे फुटतील.”

ताहेरा हातातलं धुणं तसंच टाकून पळाली.

जैनोद्दीन नावेच्या कडेला बसला होता. ती समोर उभी राहिली; धाप लागलेली, डोळे भरलेले.

“तुमाला ठावं हुतं. पयल्या दिशीच... बोट लावलं तवाच.”

त्यानं सरकून तिला बसायला जागा केली.

“मला का न्हाय बोललात?”

“काय बोलू?” त्यानं तिचा हात धरून तळवा उलटा केला. कापूस ठोकून ठोकून तिथं घट्टे पडले होते. “ह्येला काय बोलू, ताहेरा?”

“काढू की कापूस!”

“फळ्या वाकल्यात. खिळ्याखिळ्याशी तडकल्यात. आता कापूस काढला तरी ती मरती, न्हाय काढला तरी मरती.”

ती त्याच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. त्याचा हात तिच्या केसांतून फिरत राहिला. मग तिनं तोंड पुसलं.

“लोटली, तर किती टिकंल?”

“सकाळी लोटली तर... सांजंपातूर.”

“मग चला. सवत लिंबाखाली मरायची न्हाय.”

दुसऱ्या सकाळी बब्रुवानाचे बैल पुन्हा आले. नवं शीड चढलं. आश्विनातला मऊ वारा होता, बांधावरून नर आणि मादी नावाचे दोन्ही धबधबे कोसळत होते, आणि बेगम हंसिणीसारखी निघाली. थेंबभर पाणी आत येईना! ताहेरानं चूल पेटवली. टोप कडेला चालला, तिनं जाऊ दिला. जैनोद्दीन सुकाणूला टेकला आणि टेकल्या टेकल्या झोपला... तोंड उघडं टाकून, पोरासारखा. ती दिवसभर त्याच्याकडं बघत बसली. सुकाणू तिनं धरलं.

उन्हं कलली आणि नाव बोलायला लागली. कुर्र... कुर्र. एक बरगडी कडाडली. मग दुसरी. जैनोद्दीन जागा झाला, त्यानं ताहेराकडं पाहिलं, तिला पाठीवर घेतलं आणि पाण्यात उडी टाकली. काठ जवळच होता. दोघांनी वळून पाहिलं तेव्हा शीड पाण्यावर पदरासारखं पसरलं होतं, आणि फटींतून सुटलेला कापूस बोरीभर पांढरा पांढरा तरंगत होता.

“दुसरी बांधीन,” तो म्हणाला.

“कशाची? लढाईत सागवान कुठलं? आन् तवर निजाल कुठं?” तिनं त्याच्या बसलेल्या गालावर हात ठेवला. “दर्यावर जावा तुमी.”

“तुला टाकून?”

“एकदा माया करून एकीला कोरड्यात वढली... बघितलंसा न्हवं काय झालं. तुमाला न्हाय वढायची.”

“ताहेरा...”

“जावा म्हन्ते ना! डोलत डोलत या परत.”

तो गेला. सोलापूरच्या रस्त्यावर वळणापर्यंत दिसत होता. दहा वेळा मागं वळला, आणि दर वेळी ती हसली. वळणापलीकडं गेल्यावर मग तिला हसायची गरज उरली नाही.

जैनोद्दीन परत आला का? नळदुर्गात चार माणसं याच्या चार गोष्टी सांगतात. एक म्हणतो त्याला बसऱ्यात पाहिला, एक म्हणतो त्या जांभई देणाऱ्या माशाच्या पोटात तो मजेत डुलत झोपलाय. या गोष्टींत ऐकणाऱ्याला हवी ती घ्यावी. खरी गोष्ट एवढीच, की तो आला नाही.

ताहेरा बापाच्या घरी कापूस पिंजत राहिली. तिच्या कमानीशेजारी, ऐन कापसाच्या ढिगात, पाण्यानं भरलेलं एक छोटं मडकं असायचं. पिंजाऱ्याच्या घरात पाणी! मडक्यात बोरीतून उचललेला कापसाचा एक पुंजका होता. दुष्काळात नदी आटली, तेव्हा ती कोसभर जाऊन घडा आणायची, आणि त्यातली पहिली ओंजळ त्या मडक्यात जायची.

“अगं, किती वरसं झाली,” धाकटी कुलसुम एकदा न राहवून म्हणाली, “काढून जरा उन्हात तरी टाक त्येला.”

“न्हाय गं,” ताहेरा म्हणाली. मडक्यावर अलगद झाकण ठेवलं आणि कमान उचलली.

टुंग... टुंग... टुंग.