ढाण्याचा लाल भात

"पिसाळलंय! कुणी जवळ जाऊ नगा! पिसाळलंय त्ये!"

गुंडूमामाचा आरडाओरडा ऐकून हाफिजा, निसार आणि श्यामला हातातल्या चिंचा टाकून धावत सुटले. चौऱ्याहत्तर सालची मे महिन्याची सुटी होती. कोल्हापुरात मे महिना म्हणजे चटणीचा महिना! वर्षाची चटणी करून न्यायला बायका सयाजीनानांच्या मिरची कांडपावर रांग लावायच्या आणि सगळी गल्ली दिवसभर शिंकायची.

पण आज शिंकायचंही कुणाला सुचत नव्हतं. कांडपाच्या मागच्या खोलीला बाहेरून कडी घातली होती आणि आत होता नानांचा कुत्रा, ढाण्या. नाव ढाण्या, पण स्वभाव गोगलगाईचा! गेल्या दिवाळीत चोर मिरचीचं पोतं घेऊन गेला, तेव्हा हा पठ्ठ्या शेपूट हलवत त्याला कोपऱ्यापर्यंत पोचवून आला होता. गल्ली पोट धरून हसली आणि नानांना तोंड दाखवायला जागा उरली नाही.

"काय झालं, मामा?" हाफिजानं विचारलं. कांडपाचं मशीन गुंडूमामाच चालवायचा.

"लाळ गाळायलंय, झोकांड्या खायलंय. मालकांनी म्युनिसिपालटीला सांगावा धाडलाय. दुपारी गाडी येणार आन्..." मामानं गळ्यापाशी मूठ आवळून दाखवली.

निसारचे डोळे भरून आले. ढाण्या रोज त्याला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला यायचा. "मारून टाकतील त्याला?"

"रडू नकोस, डोकं चालव!" हाफिजा म्हणाली. ती त्याची थोरली बहीण आणि टोळीची म्होरकी. तिनं लांबूनच खिडकीच्या गजांतून आत पाहिलं. ढाण्याला क्षणभर चैन नव्हतं. बसायचा, उठायचा, भिंतीपर्यंत जायचा, परत फिरायचा. मग तो धडपडत बादलीपाशी गेला आणि लपालपा पाणी प्यायला लागला!

"बघितलंस? पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितंय म्हणतात. ह्यानं निम्मी बादली संपवली की!"

"आणि ती ताटली बघ," श्यामला कुजबुजली. कोपऱ्यातल्या जर्मनच्या ताटलीला शितं चिकटली होती. लालभडक शितं!

"मामा, तुम्ही त्याला भात घालता?"

"छा! मी दुधात भाकरी कुस्करून घालतोय. भात कुठला?"

म्हणजे कुणीतरी चोरून घालत होतं!

"विष!" निसार ओरडला. "त्या चोराचंच काम!"

"चोर कशाला मारील? ढाण्या तर त्याला पोचवायला गेलता!" श्यामला म्हणाली. "मी जनावरांच्या दवाखान्यात जाते. डॉक्टरांना घेऊनच येते." तिनं वडिलांची सायकल काढली आणि कैची मारत ती दिसेनाशी झाली.

हाफिजानं निसारला खोलीच्या दारासमोर मिरचीच्या पोत्यांमागं बसवलं आणि त्याच्या नाकावर आपली ओढणी आवळून बांधली. "कोण भात आणतंय बघ. आणि शिंकलास तर याद राख!"

सांगायला काय जातंय! मिरचीच्या पोत्यांत बसून न शिंकणं म्हणजे काय चेष्टा आहे? निसारनं नाक चिमटीत धरलं, जीभ चावली, उलटे पाढे म्हटले. जेवणवेळ झाली, मशीन थांबलं, बायकांनी भाकरी सोडल्या. आणि पावलं वाजली. हातात भाताची ताटली, भातावर कांदा-लसणाच्या चटणीचा ढीग. माणूस वाकला, ताटली दाराखालून आत सरकली.

ते सयाजीनाना होते!

"खा रं, माझ्या राजा," नाना दाराला तोंड लावून म्हणाले. "पोटात आग पडली की कुत्र्याच्या अंगात रग येती, आमचं आबा सांगायचं. महिनाभर घालतोय, पर तू काय तापट होईनास. आता गाडी येईल. निदान जाताना तरी एकदा नावापरमाणं गुरगुर की रं!"

निसारच्या नाकानं तेवढ्यात दगा दिला. "आ... आ... आक्छी!"

"कोण हाय त्ये?"

"नाना, तुम्ही?" निसार लाल डोळ्यांनी बाहेर आला. "तुम्हीच विष घातलंत?"

"विष?" नाना भडकले. "चटणीनं कुत्रं मरतंय व्हय? सगळं कोल्हापूर खातंय की!"

एवढ्यात बाहेर गाडीचा ब्रेक करकचला. फास लावलेल्या काठ्या घेऊन दोन माणसं उतरली आणि श्यामलाचा अजून पत्ता नव्हता! हाफिजा धावत आत आली. "नाना, डॉक्टर येईपर्यंत थांबवा की त्यांना!"

"मीच बोलावलंय, पोरी. आता कुठल्या तोंडानं थांबवू?"

हाफिजानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मागच्या खोलीकडं जायची वाट मशीनला खेटूनच होती. रांगेत पहिल्या बसल्या होत्या धोंडुबाई, पायलीभर मिरची घेऊन.

"धोंडुमावशी, तुमचाच नंबर की! मामा, मशीन!"

धोंडुबाईंनी एकदा पोरीकडं पाहिलं, एकदा त्या काठ्यांकडं, आणि पदर खोचून उठल्या. "चालू कर रं गुंड्या! किती येळ ताटकळू मी?"

धाड्! धाड्! धाड्! मशीन सुरू झालं आणि लाल धुरळा उसळला. बायकांनी सवयीनं पदर नाकाला लावले. फासवाल्यांना कुठली सवय? "आक्छी! आई गं! डोळं गेलं माझं!" करत दोघं उलट्या पावली पळाले आणि थेट रस्त्यावरच्या नळाखाली जाऊन बसले!

ते तोंड धूत होते, तोवर फटफट आवाज आला. डॉक्टर घाटगे मोटरसायकलवर आणि मागून घामाघूम श्यामला!

डॉक्टरांनी सगळ्यांना मागं सारलं आणि चामडी हातमोजे चढवले. ढाण्याचं तोंड पट्टीनं बांधून त्यांनी त्याचा ओठ उचलला. "हिरड्या बघा, चुन्यागत पांढऱ्या! आणि लघवी काळ्या चहासारखी. हे पिसाळणं दिसत नाही. तरी दहा दिवस बंद ठेवायचं, मी रोज येऊन बघणार. कुणी हात लावायचा नाही!"

"पण तो पाणी पितोय, डॉक्टर!" हाफिजा म्हणाली.

"नुसत्या पाण्यावरून ठरत नसतं, बाळ. पण मला बोलावलंत ते झकास केलंत. खायला काय घालत होता?"

नानांनी गुपचूप ताटली पुढं केली. डॉक्टरांनी ती हुंगली. "तिखटानं लाळ गळाली, पोट बिघडलं. पण खरा घात केला तो कांद्या-लसणानं! माणसाला पचतो, कुत्र्याच्या रक्ताचं पाणी होतं त्यानं."

निसारचा चेहरा उतरला. "मग आमचा पुलाव? ढाण्या वाळला म्हणून मी चोरून घालायचो. पण तिखट नव्हता हो!"

"वर तळलेला कांदा होता?"

"होता," म्हणत निसार रडायलाच लागला. नानांनी त्याला जवळ ओढलं. "रडू नगंस. तू घासभर घातलास, मी ताटलीभर घातलंय."

"मग भात बंदच करायचा?" श्यामलानं विचारलं.

"छे! भातच घाला. मऊ शिजवा, निवू द्या. मीठ नाही, फोडणी नाही, कांदा-लसूण तर मुळीच नाही. उकडलेल्या कोंबडीचे तुकडे घाला, हाडं काढून. बरा झाला की मात्र नुसत्या भातावर ठेवू नका."

इंजेक्शन झालं. डॉक्टरांनी समजावल्यावर गाडी रिकामीच परत गेली. नानांनी स्वतः चूल पेटवली. पहिला घास तोंडात टाकला आणि वाकडं तोंड केलं. "शी! असलं अळणी कुणाच्या घशाखाली उतरंल?" ढाण्यानं दोन घास खाल्ले आणि तोंड फिरवलं. नाना रात्रभर उंबऱ्यात बसून राहिले.

पोरं रोज सकाळी उठून खिडकीशी हजर! रोज एकच प्रश्न, "आज खाल्लं?" हळूहळू ताटली रिकामी व्हायला लागली. हिरड्या गुलाबी झाल्या. शेवटी डॉक्टरांनीच कडी काढली, तशी ढाण्यानं निसारच्या अंगावर झेपच घेतली!

"पोरं न्हवं, हिरं हायत!" धोंडुबाईंनी तिघांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

तेवढ्यात तीच म्युनिसिपालटीची गाडी गल्लीत वळली. ढाण्याचे कान उभे राहिले. नाना ताडकन उठून उभे राहिले. आता भुंकणार! आता गुरगुरणार!

ढाण्या शेपूट हलवत गाडीमागं धावला, तिला कोपऱ्यापर्यंत पोचवून आला आणि नानांच्या पायाशी येऊन बसला.

गल्ली खो खो हसली. नाना मात्र खाली बसले आणि त्यांनी ढाण्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"हसा लेकांनो! आमचा ढाण्या असाच बरा हाय."