अडीच इंच

शनिवारी सकाळी नऊला अँब्रिजच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये जुन्या फुटबॉल कार्डांचा बाजार भरतो, आणि सव्वानऊपर्यंत मला माणूसजातीचा वीट आलेला असतो. चाळीस लांब टेबलं, जळक्या कॉफीचं एक भांडं आणि पोट सुटलेले दोनशे बाप्ये. कार्ड म्हणजे काय, तर च्युइंगगमच्या पाकिटातून फुकट निघालेला पुठ्ठा, त्यावर हेल्मेट काखेत धरून उभा असलेला कुणी घामट गडी. तो पुठ्ठा ही मंडळी पाखराचं पिल्लू धरावं तशी धरतात. एक जण तर कार्ड नाकाशी नेऊन हुंगतो आणि दर वेळी मला सांगतो, "अजून गमचा वास येतोय बघ, मेट!" पस्तीस वर्षांनी येतो तो वास बुरशीचा असतो. मी मान डोलावतो. गिऱ्हाईक आहे.

मी कार्डं जमवत नाही, विकतो. पुलाच्या कारखान्यात मी तपासनीस होतो. लोखंड इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजायचं, हे काम. कारखान्याला टाळं लागलं, डोळा आणि हात शिल्लक राहिले. ते आता तळघरात कामाला येतात.

जुन्या कार्डाचे कोपरे बोटं लागून गोल होतात. कड केसभर कापली की कोपरा पुन्हा टोकदार. या लोकांत कड कापण्याइतकं मोठं पाप नाही, म्हणून प्रत्येक शहाणा खिशात मोजपट्टी घेऊन येतो आणि मोजतो: अडीच इंच रुंद, साडेतीन उंच. मी कापतो ते त्या मोजपट्टीला दिसत नाही. आठ वर्षांत एकाही मूर्खाला कळलेलं नाही.

सगळ्यांत मोठा मूर्ख माझा सख्खा भाऊ सिरिल. शाळेची बस चालवतो. आमची आई स्लोव्हाक. चर्चमध्ये सिरिल आणि मेथड या दोन संतांची नावं नेहमी एका दमात घेतात, म्हणून थोरल्याचं नाव सिरिल आणि दोन वर्षांनी झालो त्या माझं मेथड, सगळ्यांच्या तोंडी मेट. आई-बाप गेले, मी लग्न केलं नाही. माझं म्हणावं असं माणूस तो एकच. दर रविवारी त्याच्याकडे जेवतो आणि दर रविवारी त्याची टिंगल करतो. तो चिडत नाही. त्याचा मला आणखी राग येतो.

सिरिलकडे १९५७ सालचा अख्खा संच आहे. एकूण एक कार्ड झिजलेलं. त्यात ट्रेस्को नावाच्या एका दांडग्याचं कार्ड, जे त्या वर्षी फारच थोडं छापलं गेलं. ते आम्ही दोघांनी मिळून घेतलं होतं. नदीकाठी सोडावॉटरच्या बाटल्या गोळा केल्या, त्या दुकानात परत देऊन पाच सेंट मिळवले आणि एक पाकीट घेतलं. नंतर चर्चच्या भिंतीवर कार्डं भिरकावून खेळलो, म्हणून त्याचे कोपरे गोटीसारखे गोल.

"हे आपलं दोघांचं हं," अल्बम उघडला की सिरिल म्हणायचा. "मी गेलो की तू ठेव."

"मी ते चुलीत घालीन."

"घाल की. पण आधी बघ एकदा."

सेविक्लीला फॅरिस नावाचा दाताचा डॉक्टर आहे, त्याला टोकदार कोपऱ्यांचा ट्रेस्को हवा होता. दोन वर्षं माझ्या मागे लागला होता. मला पैशांपेक्षा गंमत वाटली: भावानं पोटाशी धरलेला पुठ्ठा, आणि डॉक्टरचा भिंग लावलेला डोळा. दोघांचाही मूर्खपणा एका पात्यात.

त्या रविवारी डोलोरेस, सिरिलची बायको, कोबी घातलेल्या हालुश्की, आमच्या स्लोव्हाक जाड शेवया, वाढत होती. सिरिल मोहरीच्या चटणीची बाटली आणायला तळघरात गेला. मी अल्बममधून ट्रेस्को काढला, त्या खिशात दुसऱ्याच कुणाचं तरी कार्ड सरकवलं. समोर भिंतीवर आमचा सत्तावन्नचा फोटो होता. घराच्या पायऱ्यांवर बाबा, आई, सिरिल आणि अगदी कडेला, सगळ्यांपासून अर्धं पाऊल दूर, नाक वर केलेला मी. हालुश्कीत मीठ कमी होतं. मी तसं सांगितलं.

सोमवारी सकाळी माझ्या तळघरात दिवा लावून कार्ड मोजलं. अडीच इंच. उजवी कड कापली. दोऱ्याएवढी पांढरी पट्टी सुटून पडली, ती मी कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकली. कापलेलं असं इकडेतिकडे सापडता कामा नये, ही माझी शिस्त. पुन्हा मोजलं.

अडीच इंच.

माझं मोजणं चुकत नाही. तरी मोजायचं उपकरण पुसलं आणि पुन्हा मोजलं. तेवढंच. कोपरा मात्र जरा टोकदार झाला होता, पुरता नाही. आणखी एक पट्टी कापली. अडीच इंच. मग मी हट्टाला पेटलो. पाचवी पट्टी आगकाडीएवढी रुंद कापली, आंधळ्यालाही कळावी इतकी. ट्रेस्को कडेपासून होता तेवढाच लांब उभा होता, आणि कार्ड भरलं अडीच इंच. पुठ्ठा ओल धरून फुगतो, असं स्वतःला सांगून मी वर आलो आणि सँडविच खाल्लं.

पुढच्या रविवारी डोलोरेसनं टेबलावर दोनच ताटं मांडली होती.

"अगं बाई," मला दारात पाहून ती म्हणाली. "आज येणार होतास का तू?"

"चौदा वर्षं येतोय."

"हो ना. कसं विसरले मी?" ती तिसरं ताट आणायला गेली, पण दोन कपाटं उघडून पाहिली तरी तिला ते सापडेना. शेवटी तिनं मला बशीत वाढलं. सिरिल हसत होता, पण माझ्याकडे बघताना त्याचे डोळे बारीक होत होते. नाव आठवत नसलेल्या ओळखीच्या माणसाकडे बघावं तसे.

जेवताना माझं लक्ष फोटोकडे गेलं. कडेला माझा एकच खांदा दिसत होता. दुसरा चौकटीआड गेला होता.

"फोटो सरकलाय," मी म्हणालो.

"नाही रे," सिरिल म्हणाला. "असाच आहे तो."

मला तेव्हाच थांबता आलं असतं. पण शनिवारी फॅरिस येणार होता आणि वरचा कोपरा अजून बोथट होता. एका पुठ्ठ्यापुढे मी हार मानणार होतो की काय? सोमवार ते बुधवार मी रोज सकाळी कापत राहिलो. एकूण चौदा पट्ट्या झाल्या. बोथटपणा नखाएवढा उरला. कार्ड अडीच इंच.

गुरुवारी दुपारी सिरिलला फोन केला. का केला ते माहीत नाही, मी कधी करत नाही.

"मी मेट."

"कोण मेट?" तो म्हणाला.

मी हसलो. तो हसला नाही. पलीकडे रेडिओ वाजत होता. मग तो सभ्यपणे म्हणाला, "चुकीचा नंबर लागला असेल, साहेब," आणि फोन ठेवला.

हे मी लिहितोय, कारण ते खरं आहे. आयुष्यभर ज्याला कस्पटासमान लेखलं, त्या माणसानं मला साहेब म्हटलं आणि तोच नंबर पुन्हा फिरवायला मी धजलो नाही. शुक्रवारी त्याच्या घरी गेलो. दाराला कुलूप होतं. माझ्याकडची किल्ली लागली नाही.

शनिवारी दहाच्या सुमाराला सिरिल हॉलमध्ये आला. तो या बाजारात कधी येत नाही. एकेक टेबल बघत माझ्यापाशी आला, टोपी काढली.

"साहेब, सत्तावन्नचा ट्रेस्को आहे का? माझ्याकडे होता. परवा अल्बम उघडला, तर त्या जागी भलताच कुणी."

"सिरिल," मी म्हणालो. "अरे, मी आहे. मेट. मेथड."

तो जरा गोंधळला. मग त्याला मौज वाटली.

"काय योग आहे बघा. माझी आई हेच नाव ठेवणार होती. दुसरा झाला असता तर. मी एकटाच."

"बाटल्या आपण दोघांनी गोळा केल्या होत्या. नदीवर."

"बाटल्या मी केल्या होत्या गोळा," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी ट्रेस्को त्याच्यापुढे धरला. "घे. तुझंच आहे. मी चोरलं होतं."

त्यानं ते तळहातावर घेतलं, खिडकीच्या उजेडाकडे वळवलं. या लोकांची ती सवय मला नेहमी हास्यास्पद वाटत आली. त्या क्षणी मी त्याच्या चेहऱ्याकडे भिकाऱ्यासारखा बघत होतो.

"हे माझं नव्हे, साहेब," त्यानं कार्ड परत टेबलावर ठेवलं. "माझ्याचे कोपरे गोल होते. आणि याची कड कापलेली आहे."

आठ वर्षांत कुणाला कळलं नव्हतं, ते त्याला कळलं.

तो निघाला. मी टेबल सोडून त्याच्या मागे धावलो. मी मोठ्यानं हाका मारत होतो. एकाही माणसानं वळून पाहिलं नाही. त्याची गाडी मर्चंट स्ट्रीटला लागली.

परत आलो तर ट्रेस्को टेबलावर नव्हता.

कार्डाच्या जागी फॅरिसचा चेक होता. ठरल्याप्रमाणे आकडा, सही, तारीख. कुणाला द्यायचा, ती ओळ कोरी. हा माणूस दोन वर्षं मला नावानं फोन करत होता. चेकखाली चिठ्ठी होती: "वरचा एक कोपरा किंचित बोथट आहे. माझ्याकडेही एक छोटं धारदार पातं आहे. घरी जाऊन बघतो."

म्हणजे तोही कापतो. एरवी मी पोट धरून हसलो असतो.

घरी आलो. भर दुपार होती. कॉफीचा डबा टेबलावर उपडा केला. पट्ट्या कापल्या तेव्हा पांढऱ्या होत्या, हे मी शपथेवर सांगेन. आता त्या राखाडी होत्या.

चौदाही पट्ट्या एकमेकींना लावून ठेवल्या. घराच्या पायरीचा दगड जुळला. मग अर्धी चड्डी, एक गुडघा, खांदा, कान.

वर केलेलं नाक.

एक डोळा.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी त्यांत नव्हती. ती अजून कापलेली नव्हती.

मी फॅरिसच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला.

"मेथड हुडाक बोलतोय," मी म्हणालो. "डॉक्टरना सांगा, त्या कार्डाला हात लावू नका."

"हॅलो?" ती म्हणाली. "हॅलो?"

मी पुन्हा सांगितलं. ओरडून सांगितलं.

"कोणी बोलतच नाहीये," ती फोनपासून तोंड वळवून आत कुणाला तरी म्हणाली.

"ठेव मग," फॅरिसचा आवाज आला. त्याच्या मागोमाग पातं पुठ्ठ्यावर टेकल्याचा बारीक आवाज. तो मी हजार वेळा ऐकला आहे.