लाल रेघेच्या खाली

वकीलबाईंनी कागद मागितलेच नाहीत. "आधी बाटली दाखवा," म्हणाल्या.

मी पर्समधून लहान मुलाच्या मोज्यात गुंडाळलेली बाटली काढून टेबलावर ठेवली. तापाचं गुलाबी औषध, पाऊण बाटली.

"शाबूत आणलीत, बरं केलंत. बहुतेक आया रागाच्या भरात फेकून देतात, नाहीतर धुऊन त्यात मनीप्लांट लावतात. मग मी कोर्टात काय दाखवू, बाग?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

टिकली, माझी मुलगी, काळा चष्मा लावून माझ्या गुडघ्याला टेकून उभी होती. नुकती शाळेत जायला लागली होती. साधा ताप आला आणि या औषधाने भाजल्यासारखी तिच्या अंगाची सालं निघाली. कातडी पुन्हा आली, पण डोळ्यांतलं पाणी काही परत आलं नाही. आता ती रडते तेव्हा नुसता आवाज येतो. केस जिंकलो तर डोळ्यांच्या ऑपरेशनचा खर्च कंपनीला द्यावा लागणार होता. आमच्या आवाक्यातला तो नव्हताच.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हे औषध पुन्हा पोटात गेलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

"मग बाटली घरात नकोच," हे ऐकून वकीलबाई म्हणाल्या.

त्यांची पद्धत ठरलेली होती. झाकणावरून कापडी पट्टी, पट्टीवर लाख, लाखेच्या कडेने माझी सही. मग काचेवर, औषधाच्या अगदी पातळीला, लाल रेघ. "हे सील कोर्टासमोरच फुटेल. आधी फुटलं तर केस संपली, लक्षात ठेवा."

मागच्या काचेच्या कपाटात अशा खूप बाटल्या होत्या. प्रत्येकीवर कुणाच्या तरी आईची नाहीतर बापाची सही. खालच्या कप्प्यात एक रिकामी होती. सही होती, रेघ होती, लाखही शाबूत होती.

"ही रिकामीच सील केलीत?"

"जुनी केस आहे ती," म्हणत त्यांनी कपाट लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी टिकली झोपून उठली आणि माझ्या मांडीवर येऊन बसली. तिने जांभई दिली. तो वास आला. खोट्या स्ट्रॉबेरीचा, चिकट.

मी तिचं तोंड उघडून पाहिलं. जीभ गुलाबी होती, मुलांची असतेच. गादीखाली पाहिलं, दप्तर उलटं केलं, स्वयंपाकघरातला केर चाळला. घरात त्या औषधाचा थेंबही नव्हता.

"टिकली, काय खाल्लंस गं?"

"औषध."

"कुणी दिलं?"

मी काहीतरी वेड्यासारखं विचारल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "तूच. थोडंच राहिलंय, गिळ पटकन, म्हणालीस."

औषध पाजताना मी हेच म्हणायचे. अगदी याच शब्दांत.

नवऱ्याने ऐकून घेतलं. "स्वप्न पडलं असेल तिला. आणि तू तरी धड झोपतेस का? पोलिसांच्या कुत्र्यासारखी घरभर वास घेत फिरतेस नुसती." हे बोलताना त्याचा हात मात्र तिच्या कपाळावर होता. कपाळ कोमट लागत होतं.

सकाळी तिच्या मनगटावर लाल ठिपके दिसले. पहिल्या वेळीही मनगटापासूनच सुरुवात झाली होती.

टिकलीला कडेवर घेऊन मी तशीच वकीलबाईंकडे गेले. कपाट बंद होतं. सील जसंच्या तसं, माझी सही जशीच्या तशी. औषध मात्र रेघेच्या बोटभर खाली गेलं होतं.

"थोडंफार उडून जातं," त्या म्हणाल्या.

"बंद बाटलीतून?"

मी खालच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. "ती रिकामी आली होती?"

"भरलेली."

"आणि ते मूल?"

वकीलबाईंनी गळ्यातली किल्ली मुठीत धरली. "आईबापांनी केस काढून घेतली. आता चालवायची कुणासाठी, म्हणाले."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. टिकली माझ्या खांद्यावर ओठ चाटत होती.

"माझी बाटली द्या."

"सील तोडलंत तर तिचे डोळे गेले, हे कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

मला वाटलं होतं, त्या वाद घालतील. त्यांनी लगेच कपाट उघडलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

घरी येऊन टिकलीला पलंगावर बसवलं, हातात चित्रांचं पुस्तक दिलं. बाथरूमचं दार उघडंच ठेवलं, म्हणजे पान उलटल्याचा आवाज ऐकू येत राहील. सुरीने लाख खरवडली. पट्टी कापली, सहीच्या मधोमध.

झाकण फिरवलं. बाटली बेसिनवर तिरकी केली.

औषध काठाशी आलं. बाटली हलकी होत गेली.

बेसिन पांढरंच राहिलं. कोरडं.

खोलीत पानांचा आवाज थांबला होता. त्या जागी दुसरा आवाज येत होता. घोट गिळल्याचा. मग आणखी एक.

मी बाटली झटकन सरळ केली. तळ दिसत होता.

"शहाणी गं माझी ती," खोलीतून आवाज आला. लाडिक, थोडा दमलेला, रोज मी तिच्याशी बोलते तसाच. "संपलं बघ."

बेसिनवरच्या आरशात माझे ओठ घट्ट मिटलेले होते.