आप्पांचा पाय

दोन विजेच्या गाड्या. एकाच कारखान्याच्या, एकाच महिन्यात घेतलेल्या. बॅटरी सारखी, साताऱ्यातले चढउतारही तेच. तरी एका चार्जिंगमध्ये जाधवकाकांची गाडी एकशे चाळीस किलोमीटर जायची आणि आमची एकशे सत्तर. असं का?

"तुझ्या आजोबांनी कारखान्यातून वशिल्याची बॅटरी आणली असणार!" जाधवकाका कुंपणावरून नभाला म्हणाले.

माझे वडील, आप्पा, त्याच कारखान्यात गाड्यांसाठी विजेच्या मोटरी तयार करत. त्यांना जाऊन चार महिने झाले होते. दहा वर्षांच्या नभाला तो टोमणा लागला.

"आई, खरं सांग. वशिला होता?"

"वशिला कसला! तो आप्पांचा पाय."

मी माळ्यावरून आप्पांची जुनी सायकल काढली. मागचं चाक उचलून धरलं आणि नभाला हाताने पेडल फिरवायला सांगितलं. चाक भिरभिरलं. मग मी डायनॅमो (फिरवला की वीज देणारं छोटं जनित्र) टायरला टेकवला. दिवा लागला.

"अगं, जड झालं!"

"वीज फुकट येत नाही. ती चाकाच्या वेगातून निघते, म्हणून चाक मंदावतं. आपल्या गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर चाकांना फिरवत नाही, उलट चाकंच मोटरला फिरवतात. मोटर जनित्र होते, गाडी हळू होते आणि बरीचशी वीज बॅटरीत परत जाते. याला पुनर्जनन (वेगातून पुन्हा वीज मिळवणं) म्हणतात."

"आणि कचकन ब्रेक दाबला तर?"

"तळहात घासून बघ."

तिने घासले. "गरम!"

"तसा वेग उष्णता होऊन वाया जातो. जाधवकाका सिग्नलपर्यंत गाडी पळवतात. आप्पा लांबूनच लाल दिवा बघून पाय उचलायचे. मला शिकवताना म्हणायचे, 'ब्रेक दाबलास? म्हणजे रस्ता उशिरा वाचलास.' गाडीच्या नियंत्रकाने (वेग सांभाळणारा संगणक) आठ वर्षं त्यांची ही सवय पाहिली. अजून तो तसाच वेग आवरतो."

नभा थांबली. "पण सोमवारी नियंत्रक बदलणार ना?"

"हो. तो केव्हाही बंद पडेल, असं गॅरेजवाले म्हणतात."

"मग त्यातलं नव्यात भरायला सांग."

"विचारलं. दोनदा विचारलं. नव्याला जुन्यातलं वाचता येत नाही."

"म्हणजे आप्पा पुसले जाणार."

मी सायकल पुसत राहिले.

सोमवारी नवा नियंत्रक बसला. पडद्यावर अक्षरं आली : 'शिकत आहे.' महिनाभर तो फक्त बघणार होता. वेग सगळा मीच सांभाळायचा.

पोवई नाक्याच्या उतारावर नभा ओरडली, "आई, पुढे लाल! पाय उचल!"

पाय केव्हाच उचललेला होता. पुढच्या चौकातही तेच. नभाने वाकून माझ्या पायाकडे पाहिलं.

"तुला आत्ता कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही."

"मग हा नवा आप्पांकडूनच शिकतोय की!"

तेवढ्यात एक रिक्षा आडवी आली. मी कचकन ब्रेक दाबला.

"हेही शिकला?" नभाने विचारलं.

"हेही."

"असू दे," ती म्हणाली. "तेवढं तुझं. अठरा वर्षांची झाले की माझंही घालीन."