एकशे अकराव्या मजल्यावरच्या दोन खुर्च्या

लिफ्ट मध्येच थांबली आणि माझ्या काळजात धस्स झालं. थांबायचं कारणच नव्हतं. त्या मजल्यावर कोणी राहत नव्हतं... खरं तर वरच्या कुठल्याच मजल्यावर कोणी राहत नव्हतं. दार उघडलं. बाहेर मिट्ट अंधार, आणि त्या अंधारातून आधी एक शिडी आत आली.

"ओरडू नका हं," शिडीमागून आवाज आला. "मी जिवंत आहे."

"ओरडतंय कोण?" मी म्हटलं. माझी बोबडी वळली होती, हे त्याला कळायची काही गरज नव्हती.

शिडीच्या दोन पायऱ्यांमधून त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत हसू, केसांत धूळ, खांद्याला बल्बांची पिशवी.

"तुम्ही नळवाल्या ना?"

"आणि तुम्ही बल्बवाले."

एवढीच ओळख. पण घरी पोचेपर्यंत मी उगाचच हसत होते.

जगातली सगळ्यात उंच इमारत ती. पर्यटक खाली फुटपाथवर चक्क आडवे पडून तिचे फोटो काढायचे. वरचे फ्लॅट लोकांनी विकत घेतले, सामानसुमान लावलं, कुलूप घातलं आणि विसरून गेले. बंद घरात नळ वापरला नाही, की मोरीखालच्या पाइपातलं पाणी आटतं आणि गटाराचा वास घरभर सुटतो. म्हणून आठवड्यातून एकदा घराघरांत जाऊन नळ सोडायचे, हे माझं काम. आणि संध्याकाळी खालून बघणाऱ्याला इमारत भरलेली वाटावी म्हणून कधी या, कधी त्या खिडकीत दिवे लागतील असं करून ठेवायचं, हे त्याचं. आई म्हणायची, "नसलेल्या माणसांकडे कामाला जातेस गं तू."

वारा सुटला की इमारत हलायची. इतकी उंच म्हटल्यावर हलणारच, त्यात धोका काही नसतो, हे मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. पण टबात सोडलेलं पाणी आपोआप एका कडेला चढायला लागलं, भिंती करकरायला लागल्या, रिकाम्या कपाटातले हँगर एकमेकांवर टिकटिक वाजायला लागले, की शेजारच्या खोलीत कोणीतरी कूस बदलतंय असंच वाटायचं. मी मोठ्याने गाणं म्हणत नळ सोडायचे आणि पाठ भिंतीला लावून उभी राहायचे.

मधल्या मजल्यावर लिफ्ट बदलावी लागे. तिथे आमची गाठ पडायला लागली. योगायोगाने म्हणा... पण मी तिथे लिफ्ट सोडून द्यायचे आणि तोही सोडून द्यायचा, तेव्हा योगायोगाला किती श्रेय द्यायचं ते तुम्हीच ठरवा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते मात्र कळलंच नाही.

"वर भीती नाही वाटत तुला?" त्याने एकदा विचारलं.

"वाटते ना. फक्त एकशे अकराव्या मजल्यावरच्या त्या पश्चिमेच्या खोलीत नाही वाटत. तिथे खिडकीपाशी बसावंसं वाटतं. पण आपल्याला बसायची परवानगी कुठेय?"

"नाहीच," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "खुर्चीला हात लावला तरी घरी पाठवतात."

पुढच्या आठवड्यात मी त्या खोलीचं दार उघडलं आणि थबकले. जेवणाच्या टेबलापाशी असलेल्या खुर्च्यांपैकी दोन पश्चिमेच्या खिडकीसमोर होत्या. शेजारी शेजारी, बाहेर तोंड करून.

दार उघडायचं कार्ड दोघांकडेच होतं, माझ्याकडे आणि त्याच्याकडे. आमच्या सुपरवायझर बाईंना उंचीवर चक्कर यायची, त्या इतक्या वर कधी फिरकल्याच नव्हत्या. माझा चेहरा तापला. नोकरी पणाला लावून ठेवलेल्या खुर्च्या... मी नळ सोडला आणि एका खुर्चीत बसले. पाणी वाहत राहिलं, मी ढग बघत राहिले. मग खुर्च्या तशाच ठेवून निघाले.

नंतर कधी पडदा नेमका ऊन डोळ्यांवर येणार नाही इतकाच ओढलेला असायचा. मग खिडकीच्या कट्ट्यावर एक कप आला. पुढच्या खेपेला दोन. कप रिकामेच, पण माझं मन भरून यायचं.

मधल्या मजल्यावर मात्र दोघंही साळसूद.

"बसलीस का खिडकीपाशी?" तो हळूच विचारायचा.

"तुला काय वाटतं?"

तो हसायचा. मीही हसायचे. उघड बोलले असते तर सगळी गंमतच गेली असती.

आणि मग कुठेतरी समुद्रापलीकडे आमच्यापेक्षा उंच इमारत उभी राहिली. आमची एका दिवसात दुसरी झाली.

"मला तिकडे बोलावलंय," तो म्हणाला. "आणखी उंच, आणखी रिकामी. दोन वर्षांचा करार. उद्या सही करायची आहे." तो थांबला. "करू?"

इतक्यात लिफ्ट आली आणि तो शिडी घेऊन आत शिरला. पुढच्या लिफ्टने मी त्याच्या मागे गेले. कुठे, ते विचारायची गरजच नव्हती.

इमारतीला ढगाने वेढलं होतं. खिडकीबाहेर नुसतं पांढरं, खाली शहर आहे की नाही कळू नये असं. तो एका खुर्चीत बसला होता. मी दुसरीत बसले. भिंती करकरत होत्या.

"तू या खुर्च्या ठेवल्यास ना," तो म्हणाला, "तेव्हाच मला धीर आला. नाहीतर मी कशाला... तुझ्यासारख्या मुलीला..."

"मी?" मी त्याच्याकडे वळले. "मी नाही ठेवल्या. तू ठेवल्यास."

"चेष्टा पुरे."

"शप्पथ."

त्याचा चेहरा उतरत गेला. "पडदा?"

"नाही."

"कप?"

मी नकारार्थी मान हलवली. आत कपाटातला एक हँगर वाजला आणि थांबला. आम्ही दोघांनीही मागे वळून पाहिलं नाही. माझी तर हिंमतच झाली नाही.

तो उठला. भीतीपेक्षा वेगळंच काहीतरी त्याच्या डोळ्यांत होतं. "म्हणजे तू कधी काही म्हणालीच नव्हतीस," तो हळू म्हणाला. "मीच वेड्यासारखा... दुसऱ्याच कोणाचं तरी उत्तर तुझं समजून बसलो." त्याने पिशवी खांद्याला लावली. बल्ब किणकिणले. तो दाराकडे निघाला.

पळून जावं असं मलाही वाटत होतं. पण तो गेला असता तर ती खोलीच काय, सगळं जगच मला परकं झालं असतं.

"थांब," मी म्हटलं. आवाज थरथरत होता, थरथरू दे. "खुर्ची कोणी ठेवली मला माहीत नाही. पण तिच्यात बसले ती मी. दर आठवड्याला. शेजारी तू आहेस असं समजून. नोकरी गेली असती तरी बसले असते... सही करू नकोस. मला तू हवा आहेस."

त्याने पिशवी खाली ठेवली. इतकी जपून, की एकही बल्ब वाजला नाही.

"मीही बसायचो," तो म्हणाला. "त्या दुसऱ्या खुर्चीत."

त्याचा हात माझ्या हाताइतकाच गार होता. थोड्या वेळाने दोन्ही उबदार झाले.

निघताना तो म्हणाला, "तिसरी ठेवू या का? ज्याने कोणी हे केलं, त्याला उभं ठेवणं बरं दिसत नाही." मग आम्ही टेबलापासची आणखी एक खुर्ची आणली, कपाटातून आणखी एक कप काढला, दोन्ही खिडकीशी ठेवले आणि मागे न बघता बाहेर पडलो.

पुढच्या आठवड्यात दोघं एकत्रच गेलो. दार मी उघडलं. खिडकीपाशी दोनच खुर्च्या होत्या, आधीपेक्षा जवळ, हाताला हात लागेल इतक्या. तिसरी परत टेबलापाशी नीट सरकवलेली. तिसरा कप ओट्यावर पालथा घातलेला, आणि त्याच्यावरून पाण्याचा थेंब ओघळत होता. त्या आठवड्यात मी तिथला नळ अजून सोडलाच नव्हता.

त्याने माझा हात घट्ट धरला. "काय करायचं?"

"बसायचं," मी म्हटलं. "इतक्या मायेने मांडून ठेवलंय कोणीतरी."